लाकडी घर आणि कोंडलेली ओल

लाकडाचे वैरी कोणते, असे कोणालाही विचारले तर तो आग आणि वाळवी ही दोन नावे प्रथम घेईल आणि तिसरे नाव पाण्याचे घेईल. पहिल्या दोघांविषयी मला आज काही सांगावयाचे नाही. तिसऱ्याविषयी मात्र आपल्या मनात जो समज रुजलेला आहे, तो थोडा तपासून पाहावा असे वाटते. पाणी लागले की लाकूड कुजते, हा तो समज. तो खोटा नाही. पण अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणापायी गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगात हजारो कुटुंबांना आपल्या राहत्या घरांची किंमत दुसऱ्यांदा मोजावी लागली आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आत जाऊन मान वर केली की छताच्या दगडी कमानीला आतून लावलेल्या लाकडी फासळ्या दिसतात. लेणे कोरणाऱ्यांनी त्या सुमारे 2000 वर्षांपूर्वी बसविल्या. लोणावळ्याच्या परिसरातला पाऊस कसा असतो, हे मी सांगावयास नको. चार महिने तेथील हवा ओलीचिंब असते. तरी त्या फासळ्या जागच्या जागी आहेत. कारण पावसाचे पाणी त्यांच्यावर पडत नाही, आणि दमट हवेतून जी ओल त्या घेतात ती हिवाळ्या-उन्हाळ्यात हवेलाच परत करतात. देण्याघेण्याचा हा व्यवहार तेथे मोकळेपणाने चालू आहे.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण घ्या. विहीर बांधताना तिच्या तळाशी उंबराच्या लाकडाचे कडे बसवावयाचे, अशी आपल्याकडे जुनी पद्धत होती. उंबराचे लाकूड तसे हलके आणि कमकुवत. उघड्यावर ते फार दिवस तग धरीत नाही. पण पाण्याखाली ते वर्षानुवर्षे टिकते. लाकूड कुजविणारी बुरशी ही सजीव वस्तू आहे. तिला पाणी हवे तशी हवाही हवी. पूर्ण बुडालेल्या लाकडात तिला श्वास घेता येत नाही.

तेव्हा कोरडे लाकूड टिकते आणि बुडालेलेही टिकते. मरते ते या दोहोंच्या मधले. ज्याला पाणी मिळते, हवाही मिळते, पण वाळावयास वाट मिळत नाही, असे लाकूड. भिजणे हा लाकडाचा रोग नव्हे. भिजल्यानंतर कोंडले जाणे हा रोग आहे. म्हणून लाकडी इमारतीत मोजावयाचे असते ते पाणी किती लागले हे नव्हे, तर लागलेले पाणी निघून जात आहे की नाही, हे.

मोजावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे सांगण्यापूर्वी लाकडात पाणी राहते कोठे, ते पाहू. लाकूड म्हणजे बारीक, लांबट नळ्यांची जुडी असते. ताज्या कापलेल्या लाकडात या नळ्यांच्या पोकळीत पाणी भरलेले असते, आणि नळ्यांच्या भिंतींतही ते मुरलेले असते. लाकूड सुकू लागले की आधी पोकळीतले पाणी जाते. तोवर लाकडाचा आकार बदलत नाही; फक्त वजन घटते. पोकळ्या रिकाम्या झाल्या, पण भिंती अजून तुडुंब आहेत, अशी एक अवस्था येते. बहुतेक जातींच्या लाकडांत ती 28 ते 30 टक्क्यांच्या आसपास असते. त्याच्या खाली उतरले की भिंतींतले पाणी निघू लागते, आणि तेथून लाकूड आकसू लागते, पिळवटू लागते, चिरू लागते. पण त्याचबरोबर बळकटही होऊ लागते.

हे टक्के कशाचे, असा प्रश्न साहजिक आहे. कागद-पेन्सिल हाताशी नसली तरी चालेल, इतका सोपा हिशेब आहे. लाकडाचा एक तुकडा घ्या. तो 130 ग्रॅम भरला असे समजा. मग तो 103 अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत, वजन घटावयाचे थांबेपर्यंत ठेवा. शेवटी तो 100 ग्रॅम भरला, तर 30 ग्रॅम पाणी गेले; म्हणून ओल 30 टक्के. भागावयाचे ते नेहमी कोरड्या वजनाने. यामुळे एक गंमत होते. काही ताज्या लाकडांत ओल 100 टक्क्यांहूनही अधिक भरते, आणि ऐकणारा गोंधळतो. लाकडापेक्षा त्यातले पाणी वजनाने जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

सुकलेले लाकूडही कधी पूर्ण कोरडे नसते. सभोवतालच्या हवेशी त्याचा सारखा तह चालू असतो. हवेत दमटपणा वाढला की ते ओल घेते, कमी झाला की सोडते. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड 5-6 टक्क्यांपर्यंत उतरू शकते. रत्नागिरीच्या जुलैत तेच लाकूड 18 टक्क्यांच्या आसपास जाऊन बसते. सरकारी नोकरीत ज्यांच्या बदल्या झाल्या आहेत, त्यांना हा अनुभव निराळ्या रीतीने आलेला असतो. मुंबईला हौसेने करवून घेतलेले कपाट जयपूरला किंवा दिल्लीला नेले की पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या फळ्यांत फटी पडतात, आणि आपण मुंबईच्या सुताराला नावे ठेवतो. वास्तविक त्याचा दोष नसतो. त्या कपाटाने नव्या गावाच्या हवेशी नवा तह केलेला असतो, इतकेच.

हे ओळखूनच भारतीय मानकाने या देशाचे हवेच्या दमटपणाप्रमाणे चार विभाग पाडले आहेत, आणि कोणत्या विभागात कोणत्या कामाच्या लाकडात किती ओल चालेल याचे कोष्टक दिले आहे. तुळया आणि वाशांसाठी अगदी कोरड्या प्रदेशात ही मर्यादा 12 टक्के आहे, तर अतिशय दमट प्रदेशात 20. दारे-खिडक्यांसाठी ती याहून कडक आहे. कारण वासा थोडा आकसला तरी कोणाचे बिघडत नाही, पण दार आकसले तर कडी लागत नाही.

या 20 च्या आकड्यापाशी जरा थांबू. बुरशीला लाकडाच्या नळ्यांच्या भिंती जवळजवळ पूर्ण भरलेल्या लागतात. म्हणजे तिचा संसार खऱ्या अर्थाने सुरू होतो तो 26 ते 30 टक्क्यांच्या पुढे. मग धोक्याची रेषा 20 वर का ओढतात? कारण आपण एखाद्या ठिकाणी 20 मोजतो, तेव्हा त्याच तुळईच्या न दिसणाऱ्या टोकाशी 28 असू शकतात. बुरशीचे सूक्ष्म बीज हवेत सर्वत्र असते. ते बाहेर रोखता येत नाही. रोखता येते ते केवळ पाणी. आणि एकदा बुरशीने बस्तान बसविले की काही जाती स्वतःच पाण्याची वाहतूक करू लागतात. युरोपातल्या जुन्या घरांना पोखरणारी एक कुप्रसिद्ध बुरशी आहे. आपल्या धाग्यांतून ती ओल्या जागेचे पाणी पलीकडच्या लाकडापर्यंत वाहून नेते. युरोपात घराबाहेर ती सहसा आढळत नसे; रानात ती कोठे राहते, हे कोडेच होते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ बागची यांनी 1954 साली तिची नोंद प्रसिद्ध केली, ती हिमालयातल्या अरण्यातली. घर कुजविणारी ती गोरी मडमीण आपल्याच डोंगरांत सापडावी, हा योगायोग मला मोठा मनोरंजक वाटतो.

आता मी ज्या किमतीचा आरंभी उल्लेख केला, तिच्याकडे वळतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर हे शहर आहे. तेथे हिवाळाभर पाऊस लागतो. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-पंधरा वर्षे तेथे लाकडी सांगाड्याची तीन-चार मजली निवासगृहे मोठ्या संख्येने उभी राहिली. बाहेरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, आतून प्लास्टिकचा पापुद्रा, आणि या दोहोंच्या मध्ये लाकूड. घरांची ठेवण भूमध्य समुद्राकाठच्या घरांसारखी, म्हणजे वळचण जवळजवळ नाहीच. दिसावयास ती फार सुरेख होती. काही वर्षांतच गिलाव्यावर डाग दिसू लागले, सज्जे हलू लागले; आणि भिंत फोडून पाहावी तर आतले लाकूड हाताने कुस्करता येत होते. प्रकरण एवढे चिघळले की प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली 1998 साली चौकशी आयोग नेमावा लागला. नुकसानीचा आकडा अब्जावधी डॉलरांच्या घरात गेला. अनेक बांधकाम कंपन्या एकेका इमारतीपुरत्या स्थापन झालेल्या होत्या. इमारत विकून झाली की त्या विसर्जित झाल्या होत्या. त्यामुळे दाद मागावयास कोणी उरले नव्हते. निवृत्तीच्या पैशातून घर घेतलेल्या माणसांना त्याच घराच्या भिंती पुन्हा बांधण्यासाठी कर्ज काढावे लागले.

तपासणी करणाऱ्यांना प्रथम शंका आली ती अशी, की बांधतानाच ओले लाकूड वापरले असावे. 1996 साली पुष्कळ इमारतींची पाहणी झाली, तेव्हा मुख्य कारण निराळे निघाले. पाऊस खिडक्यांच्या चौकटींपाशी, सज्जांच्या सांध्यांपाशी, कठड्यांच्या टोकांशी थोडा थोडा आत शिरत होता. शिरलेले पाणी थोडे होते, पण त्याला परतीची वाट नव्हती. बाहेरून गिलावा, आतून प्लास्टिक. लाकूड मध्ये कोंडलेले. त्या पाहणीतून आणखी एक गोष्ट निघाली, ती आपल्या कोकणातल्या कोणत्याही घरबांध्याला हसू आणील. वळचण जितकी पुढे आलेली, तितकी भिंत सुरक्षित, असे तीत दिसून आले. पुढे तेथील नियम बदलले. बाहेरचा गिलावा आणि आतली भिंत यांच्यामध्ये मोकळी फट ठेवणे सुरू झाले. आत आलेले पाणी त्या फटीतून खाली निथळते आणि वाऱ्याने वाळते.

न्यूझीलंडची कथा वेगळ्या दिशेने जाते. तेथे 1998 पासून घरांच्या सांगाड्यात भट्टीत वाळविलेले, पण कोणतेही औषध न पाजलेले पाइनचे लाकूड वापरण्याची मुभा मिळाली. लाकूड बसविताना ते उत्तम कोरडे होते. त्या दिवशी कोणी ओल मोजली असती तर आकडा निर्दोष आला असता. पण त्याच सुमारास तेथेही वळचणी नसलेल्या, गिलाव्याने बंदिस्त केलेल्या घरांची टूम आली होती. 2002 साली याविषयी चौकशी अहवाल निघाला, आणि 2004 पासून सांगाड्याच्या लाकडाला औषध पाजणे पुन्हा सुरू करावे लागले. बांधतानाचे माप चांगले होते. बांधून झाल्यावर मोजण्याची सोयच नव्हती. म्हणून लाकडी इमारतीची ओल दोन्ही वेळा पाहावी लागते. बांधताना पाहावी, आणि बांधून लोक राहावयास आल्यानंतरही पाहत राहावे.

आता गंमत अशी की, ज्या व्हँकुव्हरने हा धडा घेतला, तेथेच 2017 साली 18 मजल्यांचे एक विद्यार्थिगृह उघडले गेले. ब्रॉक कॉमन्स असे त्याचे नाव. सुमारे 400 विद्यार्थी त्यात राहतात. तळमजला आणि जिन्यांचे दोन गाभे काँक्रीटचे. बाकी सतरा मजले लाकडाचे. तुळया-वाशांची ही जुनी रचना नव्हे. फळ्यांचे थर एकावर एक, एक उभा आणि एक आडवा असे चिकटवून जाड तक्ते करतात. ते तक्ते म्हणजे तेथील जमिनी, आणि त्यांच्याखाली चिकटविलेल्या पट्ट्यांचे खांब. असे तक्ते कारखान्यातून निघतात तेव्हा त्यांत सुमारे 12 टक्के ओल असते. खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते. गाडीवर, उघड्या मैदानात, अर्धवट उभ्या इमारतीत, छप्पर नसताना पडणाऱ्या पावसात त्या 12 चे किती होतात?

तेथील अभियंत्यांनी आधी ऋतूचा विचार केला. व्हँकुव्हरचा उन्हाळा त्या मानाने कोरडा असतो. 2016 च्या उन्हाळ्यात लाकडाचा सगळा सांगाडा 70 पेक्षा कमी दिवसांत उभा केला गेला, आणि सांगाडा वर चढत असतानाच खालच्या मजल्यांना बाहेरच्या भिंतींचे तयार भाग लावीत गेले. तक्त्यांना पाणी झटकणारा लेप दिलेला होता. शिवाय काही तक्त्यांत ओल मोजणारे संवेदक बसविले होते. इमारत वापरात आल्यावरही त्यांची नोंद घेता यावी, हा हेतू. स्वीडनमधल्या वॅक्स्य गावी 2009 च्या सुमारास आठमजली लाकडी घरे बांधली, तेव्हा दुसराच मार्ग पत्करला होता. इमारतीवर एक मोठा तंबू उभारला आणि मजला चढेल तसा तो तंबू वर सरकवीत नेला. एकाने पावसापुढे धाव घेतली, दुसऱ्याने पावसावर छत्री धरली. आपल्या मुलुखात, जेथे पावसाळा चार महिने मुक्काम ठोकतो, तेथे नुसत्या धावण्यावर भरवसा ठेवता येईल असे मला वाटत नाही.

तर मोजतात कसे? भट्टीची पद्धत अचूक खरी, पण तिच्यासाठी इमारतीचा तुकडा कापून काढावा लागतो. म्हणून रोजच्या कामाला विजेवर चालणारे ओलमापक वापरतात. त्याचे तत्त्व सोपे आहे. दोन सुया लाकडात खुपसावयाच्या आणि त्यांच्यामधून वीज किती सहज जाते ते पाहावयाचे. कोरडे लाकूड विजेला जवळजवळ अडवूनच धरते. ओल वाढली की वाट मोकळी होते. कोरड्या लाकडापासून त्या 30 टक्क्यांच्या सीमेपर्यंत हा विरोध लाखो पटींनी घटतो, म्हणून माप घेणे सोपे जाते. सीमेच्या वर गेल्यावर मात्र फरक फारसा पडत नाही, आणि तेथील आकड्यांवर विसंबू नये. सुया न खुपसता वरून ठेवावयाचीही यंत्रे असतात. ती ओली जागा शोधावयास उत्तम. पण कोणत्या खोलीवर किती ओल आहे, हे त्यांना नीट सांगता येत नाही.

हे यंत्र खोटेही बोलते, आणि ते केव्हा खोटे बोलते हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती ते देऊ नये. पुष्कळ ओलमापके एका परदेशी देवदार-जातीच्या लाकडावर बेतलेली असतात. सागावर वापरताना दुरुस्तीचे कोष्टक पाहावे लागते. लाकूड तापलेले असले की आकडा वाढतो. पाऊस नुकताच थांबला असेल तर वरच्या दोन मिलिमीटरांचीच ओल दिसते आणि आतला गाभा कोरडा असतो; चार दिवस ऊन पडले की याच्या नेमके उलट होते. म्हणून जाड तक्त्यांसाठी अशा सुया वापरतात, ज्यांचे अंग झाकलेले आणि फक्त टोक उघडे असते. त्या निरनिराळ्या खोलीवर ठोकून वरची, मधली आणि आतली अशी वेगवेगळी मापे घेता येतात. शेवटचा खोटेपणा औषध पाजलेल्या लाकडाचा. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण लाकडात मुरविण्याची जगभर पसरलेली पद्धत 1933 च्या सुमारास आपल्याच सोंटी कामेशम यांनी डेहराडूनच्या संस्थेत शोधून काढली. तिच्यातल्या आर्सेनिकमुळे आता अनेक देशांनी राहत्या घरांसाठी तिचा वापर आवरता घेतला आहे. पण त्या लाकडाच्या इमारती अजून पुष्कळ उभ्या आहेत. त्या क्षारांमुळे विजेला अधिक वाट मिळते आणि ओल आहे त्याहून जास्त भासते.

सुया कोठे खुपसावयाच्या, यात खरे कौशल्य आहे. तक्त्याच्या मधोमध सोयीच्या जागी माप घेऊन वहीत चांगले आकडे लिहिणे फार सोपे असते. पाणी तेथे नसते. लाकडाच्या नळ्या जेथे तोंड उघडून असतात, म्हणजे तुळईच्या आणि खांबाच्या कापलेल्या टोकांशी, तेथून पाणी बाजूच्या मानाने कितीतरी जलद आत शिरते. दोन तक्ते जेथे भिडतात त्या सांध्यात, भोकांच्या भोवती, पाणी साचून राहते तेथे, आणि ज्यावर ओले काँक्रीट ओतले गेले त्या जागी, अशी मापाची ठिकाणे आधी नकाशावर मांडून ठेवावी लागतात आणि दर वेळी त्याच ठिकाणी मोजावे लागते. एकट्या आकड्याला अर्थ नाही. रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगलेला असतो. डॉक्टर आजचा ताप पाहत नाहीत, रेषा कोणीकडे चालली आहे ते पाहतात. येथे 22 आकडा आला आणि मागच्या आठवड्यात 26 होता, तर चिंता नको. 18 आला आणि मागच्या महिन्यात 14 होता, तर कामगारांना थांबवून वर जाऊन पाहिले पाहिजे.

थांबविणे ही मात्र यंत्राची गोष्ट नव्हे. भिंत बंद करावयाची वेळ आली की ठेकेदाराला घाई असते. पुढच्या कामाची माणसे दारात उभी असतात, आणि एका दिवसाच्या खोळंब्याचा खर्च त्याच्या डोळ्यांपुढे असतो. ओली भिंत झाकली तर होणारा खर्च दहा वर्षांनी, दुसऱ्या कोणाच्या तरी माथी पडणार असतो. कॅनडाच्या नियमाप्रमाणे सांगाड्याचे लाकूड बसविताना 19 टक्क्यांहून अधिक ओले असता कामा नये. जाड तक्ते झाकण्यापूर्वी ते याहूनही कोरडे असावेत, असा जाणत्यांचा आग्रह असतो. पण आकडा कागदावर असून भागत नाही. तो पाहून 'आज झाकावयाचे नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, हे कामाच्या करारातच लिहिलेले असले पाहिजे, आणि तो माणूस ठेकेदाराच्या पगारावरचा नसावा. माझ्या मते शंभर संवेदकांपेक्षा या एका कलमाची किंमत जास्त आहे. संवेदक बसविणे आता स्वस्त झाले आहे. ते बसवून पुढे त्यांच्याकडे कोणीच पाहिले नाही, तर त्यांचा उपयोग लाकडात ठोकलेल्या खिळ्यांइतकाच. ज्या घरमालकाला पुढे त्या घरात राहावयाचे आहे, त्याच्या हाती किल्ल्यांबरोबर ही नोंदवही पडली पाहिजे.

आपल्याकडे हा विषय आताच का काढावा, त्याला कारण आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 साली, जंगले वाचविण्याच्या हेतूने, आपल्या कामांत लाकूड वापरणे बंद केले होते. ती बंदी 2020 साली उठली. मधल्या 27 वर्षांत अभियंत्यांच्या पिढ्या अशा तयार झाल्या की ज्यांचे सारे शिक्षण आणि अनुभव सिमेंट आणि पोलादाचा. लाकूड विकत घेताना त्यातली ओल मोजावयाची असते, हे त्यांतल्या कितीजणांना कोणी प्रत्यक्ष दाखविले असेल? जुन्या सुताराला ते आकड्यात सांगता येत नसे. पण लाकूड मुरू दिल्याशिवाय तो रंधा लावीत नसे, आणि फळीवर बोटाची टिचकी मारून तो आवाजावरून बोलत असे. तो सुतारही आता दुर्मीळ झाला.

आणि नवी इमारत बांधावयाची नसली, तरी जुने वाडे आहेतच. पुणे, सातारा, वाई, नाशिक येथील वाड्यांत लाकडी खांब थेट जमिनीत पुरलेला आढळत नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे खालची ओल त्याच्या उघड्या टोकातून वर चढत नाही. वर वळचण, भिंतीला चुन्याचा किंवा मातीचा गिलावा, म्हणजे आत गेलेली ओल बाहेर यावयास मोकळी. आता असे वाडे दुरुस्त करताना चुना काढून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवितात, तळखड्याभोवती फरशी वर उचलून घेतात, आणि पन्हळ फुटली तरी ती पुढच्या वर्षावर ढकलतात. व्हँकुव्हरच्या घरांत जे झाले ते आपण हौसेने, स्वतःच्या खर्चाने, शेदोनशे वर्षे निरोगी असलेल्या घरात करून घेतो.

अशा वाड्यात ज्यांचे वास्तव्य आहे, किंवा जे तो दुरुस्त करीत आहेत, त्यांनी एक साधे दोन सुयांचे ओलमापक मिळवावे. माप तक्तपोशीच्या मधोमध घेऊ नये. तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे, भिंतीपासून चार बोटांच्या आत घ्यावे. खांबाचे माप तळखड्याच्या लगेच वर घ्यावे. न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीतली तुळई विसरू नये. प्रत्येक जागेवर खडूने खूण करावी आणि वर्षातून तीन वेळा त्याच खुणेपाशी मोजावे. पहिले माप मे महिन्याच्या अखेरीस, दुसरे ऑगस्टात, तिसरे दिवाळीनंतर महिनाभराने. ऑगस्टचा आकडा मेच्या आकड्याहून पाच-सहा टक्क्यांनी वर गेला तर घाबरू नये. तो हवेचा आहे. दिवाळीनंतरचा आकडा मात्र खाली यावयास हवा. सगळ्या खुणांवर तो उतरला आणि एकाच ठिकाणी जागचा हलला नाही, तर तेथे पाणी हवेतून आलेले नाही. ते नळाचे असेल, पन्हळीचे असेल किंवा भिंतीत कोंडलेले असेल. त्या जागेचा गिलावा उकरून तुळईचे टोक उघडे करावे, आणि ते वाळेपर्यंत भिंत तशीच उघडी ठेवावी.